आतली मागणी, बाहेरची मर्यादा : पडद्यावरच्या पेट्यांच्या मापाचा इतिहास

वेबपानावरची प्रत्येक वस्तू, मग ती मजकुराचा परिच्छेद असो, चित्र असो की बटण, ब्राउझरच्या लेखी एक आयताकृती पेटी असते आणि अशा पेट्या एकमेकींच्या पोटात बसवतच सगळे पान उभे राहते. या पेटीचे माप दोन बाजूंनी ठरू शकते. बाहेरची पेटी आतल्या पेटीला जागा नेमून देते, ही झाली एक बाजू; आतला मजकूर आपल्याला किती जागा लागते ते सांगतो आणि बाहेरची पेटी त्या बेताने मोठी होते, ही दुसरी. आज वेबवर आणि मोबाइल ॲपमध्ये सर्वत्र रुळलेल्या ‘फ्लेक्सबॉक्स’ या मांडणीपद्धतीत, म्हणजे एका कंटेनरमधील आयटमांना उपलब्ध जागेनुसार ताणण्याच्या वा आक्रसण्याच्या पद्धतीत, हे दोन्ही व्यवहार एकाच वेळी चालतात. तिच्याविषयीच्या नेहमीच्या तक्रारी, म्हणजे मजकूर चौकटीबाहेर सांडतो, पेटी सांगूनही लहान होत नाही, कंटेनर आतल्या आयटमांना पुरत नाही, त्या याच दुहेरी व्यवहारातून निघतात. या तक्रारींना सरसकट ‘बग’ म्हणण्याची रीत असली, तरी त्यांतल्या बऱ्याचशा गोष्टी ब्राउझरच्या चुका नसून गेल्या चार-पाच दशकांत झालेल्या तडजोडींच्या खुणा आहेत, आणि त्या तशा वाचल्या की दुरुस्तीही सोपी जाते.

शिशाच्या खिळ्यांच्या छापखान्यात हा प्रश्न जुळाऱ्याच्या बोटांतच सुटत असे. खिळे जुळवायच्या स्टिकची रुंदी आधी बांधलेली, प्रत्येक खिळ्याची जाडी ओतकामातच ठरलेली. कमीजास्त करता येई ती फक्त शब्दांमधली जागा, आणि पातळ-जाड स्पेस घालून ओळ घट्ट बसेपर्यंत जुळारी ती कमीजास्त करी. हे हातचे कसब गणितात मांडण्याचे श्रेय डोनाल्ड कनूथ यांच्याकडे जाते. ‘द आर्ट ऑफ कम्प्यूटर प्रोग्रॅमिंग’ या आपल्या ग्रंथाच्या दुसऱ्या खंडाची नव्या यंत्रणेवर जुळवलेली मुद्रिते पाहून नाराज झालेल्या कनूथ यांनी १९७७ साली स्टॅनफर्ड विद्यापीठात ‘टेक’ ही अक्षरजुळणीची प्रणाली लिहायला घेतली आणि तिच्या गाभ्याशी दोनच कल्पना ठेवल्या: ‘बॉक्स’ म्हणजे पेटी आणि ‘ग्लू’ म्हणजे डिंक. प्रत्येक डिंकाला तीन आकडे असतात; त्याची स्वाभाविक रुंदी, तो किती ताणता येईल आणि किती आक्रसता येईल. डिंक हे नाव काही नेमके नाही, कारण खरा डिंक ताणत नाही. त्याला स्प्रिंग म्हणणे अधिक योग्य झाले असते, हे कनूथ यांनी स्वतःच नमूद केले आहे.

या व्यवस्थेतील एक नियम पुढील सगळ्या इतिहासाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. टेकमधला डिंक ठरलेल्या मर्यादेपलीकडे कधीच आक्रसत नाही. मजकूर तरीही मावत नसेल, तर ओळ समासात घुसते आणि टेक तिच्या टोकाशी एक काळा पट्टा ठोकून ‘पेटी ओसंडली’ अशी तक्रार नोंदवते. म्हणजे आत मावत नाही ते दडपून बसवायचे नाही, उघड दाखवायचे, असा हा कौल होता. फ्लेक्सबॉक्सने पुढे नेमका हाच कौल दिला, मात्र काळा पट्टा सोडून दिला, आणि त्यामुळे काय बिघडले हे शोधण्याचे काम वापरणाऱ्याच्या गळ्यात पडले.

टेकमध्ये पेट्या अचल राहत आणि त्यांच्यामधली जागा ताणली जाई. पडद्यावरच्या खिडक्यांचा काळ आला तेव्हा ताणण्याचा गुण जागेकडून खुद्द पेटीकडे सरकला. १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात स्टॅनफर्डमध्येच मार्क लिंटन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘इंटरव्ह्यूज’ हा पडद्यावरचे घटक रचण्याचा प्रोग्रॅम-संच तयार केला आणि टेकच्या पेट्या व डिंक बटणांना आणि मेनूंना लावले. याच सुमारास एक शिस्तही रूढ झाली. आतली प्रत्येक वस्तू आधी आपली मागणी वर कळवते, मग सर्वांत बाहेरची खिडकी उपलब्ध जागा खाली वाटत येते. मागणी वर जाते, वाटप खाली येते. ‘जीटीके’ या संचात या दोन पायऱ्यांची नावेच ‘रिक्विझिशन’ आणि ‘ॲलोकेशन’ अशी आहेत. या संचाच्या सुरुवातीच्या आवृत्त्यांत मागणीचा आकडा एकच असे, त्यामुळे खिडकी त्या आकड्याहून लहान करता येत नसे; २०११ सालच्या तिसऱ्या आवृत्तीत प्रत्येक वस्तू किमान आणि स्वाभाविक असे दोन आकडे सांगू लागली, आणि ती अडचण दूर झाली.

कंटेनरने आतल्या वस्तूंवरून आपले माप आपोआप ठरवावे, या सोयीतून होणारा गोंधळ जॉन ऑस्टरहाउट यांच्या ‘टीके’ या संचात फार स्पष्ट दिसतो. बर्कलीमध्ये तयार होऊन १९९०च्या दशकाच्या आरंभी प्रसारात आलेल्या या संचातील ‘पॅकर’ ही मांडणी-व्यवस्था, चौकटीत वस्तू ठेवली की ती चौकट त्या वस्तूच्या मापाची करून टाकते. चौकटीला तीनशे पिक्सेल रुंदी लिहून दिलेली असली, तरी आत एक छोटे बटण बसवताच ती रुंदी नाहीशी होते आणि चौकट बटणाला चिकटून बसते. नवशिक्यांची पिढ्यान्पिढ्या फसगत करणाऱ्या या वर्तनावर ‘पॅक प्रोपगेट’ ही आज्ञा शून्य किमतीने देणे हा उतारा होता. आतले माप वर पाठवणे बंद करा, एवढाच तिचा अर्थ. एकाच चौकटीत पॅकर आणि ‘ग्रिड’ या दोन व्यवस्था एकत्र वापरल्या, तर त्याहून गमतीदार प्रकार घडे. पहिली व्यवस्था चौकटीचे माप बदली, दुसरीला ते पसंत नसल्याने ती पुन्हा बदली, आणि प्रोग्रॅम अनंतकाळ त्या घासाघिशीत अडकून पडे. पुढच्या आवृत्त्यांनी हा मेळ करताच स्पष्ट चूक दाखवायला सुरुवात केली.

वेब जन्मली ती या सगळ्या अनुभवाकडे पाठ करून. तिच्यात मांडणीची सोय जवळजवळ नव्हतीच, म्हणून आकडेवारी दाखवण्यासाठी आलेले टेबल पानाच्या मांडणीसाठी राबवले गेले. डेव्ह रॅगेट यांनी मे १९९६मध्ये प्रसिद्ध केलेल्या टेबलविषयक मसुद्यात स्वयंचलित मापाची एक पद्धत वर्णिली आहे: प्रत्येक कप्प्याची किमान रुंदी म्हणजे त्यातील न तुटणाऱ्या सर्वांत लांब तुकड्याएवढी, कमाल रुंदी म्हणजे एकही ओळ न मोडता लागणारी, आणि उपलब्ध जागा या दोहोंच्या मध्ये असेल तर प्रत्येक स्तंभाला किमान रुंदीवर उरलेल्या जागेतला प्रमाणशीर वाटा. आज ‘मिन-कंटेंट’ आणि ‘मॅक्स-कंटेंट’ म्हणतात ते मूलतः हेच दोन आकडे. मात्र ते काढण्यासाठी टेबलातला सगळा मजकूर आधी हाती यावा लागे. मंद मोडेमच्या काळात संपूर्ण पान एका टेबलात असेल, तर शेवटचा कप्पा येईपर्यंत पडदा कोरा राही. स्तंभ ठरवलेल्या रुंदीहून अरुंद होऊ नये किंवा रिकामा कप्पा मिटू नये म्हणून एक पिक्सेलचे पारदर्शक चित्र ताणून बसवण्याची युक्ती डेव्हिड सीगल यांच्या १९९६ सालच्या पुस्तकाने घरोघरी पोहोचवली. खिळ्यांच्या छापखान्यातल्या स्पेसचा तो पडद्यावरचा अवतारच म्हणावा.

होकून विउम ली यांनी १९९४मध्ये सुचवलेली आणि बर्ट बॉस यांच्यासह घडवलेली ‘सीएसएस’ ही शैलीभाषा डिसेंबर १९९६मध्ये ‘डब्ल्यूथ्रीसी’ या मानक-संस्थेने स्वीकारली, पण तिच्यातही शेजारी-शेजारी स्तंभ मांडण्याचे खास साधन नव्हते. चित्राभोवती मजकूर वळवण्यासाठी असलेला ‘फ्लोट’ हा गुणधर्म स्तंभांसाठी वापरला गेला आणि त्याबरोबर कंटेनरच्या मापाची एक विलक्षण अडचण आली. फ्लोट झालेली पेटी बाहेरच्या पेटीच्या उंचीच्या हिशोबात धरली जात नाही. म्हणून आतले सारे आयटम फ्लोट केले की कंटेनरची उंची शून्य होई आणि त्याची पार्श्वभूमी दिसेनाशी होई. त्यावर ‘क्लिअरफिक्स’ नावाची ठिगळे निघाली, तर दोन स्तंभ समान उंचीचे भासावेत म्हणून मागे पट्टे असलेले चित्र पसरण्याची ‘फॉ कॉलम्स’ ही युक्ती डॅन सीडरहोम यांनी २००४मध्ये मांडली. तिला खोटे स्तंभ असे नाव देण्यातला प्रामाणिकपणा दाद देण्याजोगा आहे.

फ्लेक्सबॉक्सची मुळे मात्र वेबपानात नसून ब्राउझरच्या स्वतःच्या चौकटीत आहेत. मोझिला प्रकल्पाने आपल्या ब्राउझरचे टूलबार आणि संवादचौकटी रचण्यासाठी ‘झूल’ नावाची भाषा बनवली होती आणि तिच्यात पेटीला ‘फ्लेक्स’ हा गुण देता येई, म्हणजे उरलेल्या जागेत तिचा किती हिस्सा ते सांगता येई. त्या कल्पनेचा सीएसएसमधील पहिला मसुदा जुलै २००९मध्ये निघाला. त्यानंतर लिखाण दोनदा मुळापासून बदलले: २००९ची ‘बॉक्स’ ही आज्ञा मधल्या मसुद्यांत ‘फ्लेक्सबॉक्स’ झाली, इंटरनेट एक्सप्लोररच्या दहाव्या आवृत्तीने त्या मधल्या रूपाला जन्मभर सांभाळले, आणि टॅब ॲटकिन्स, एलिका एतेमाद व ॲलेक्स मोगिलेव्स्की यांच्या संपादनाखाली सप्टेंबर २०१२मध्ये ‘फ्लेक्स’ हे आजचे रूप ठरले. काही वर्षे एकच गोष्ट तीन बोलींत लिहिण्याचा हा व्याप प्रत्येक संकेतस्थळाने सोसला.

लिखाणापेक्षा खोल वाद किमान मापाचा होता, आणि आजच्या तक्रारींपैकी सर्वांत मोठा वाटा त्याचाच आहे. जुन्या सीएसएसमध्ये ‘मिन-विड्थ’ म्हणजे किमान रुंदी आपोआप शून्य धरली जाई. फ्लेक्सबॉक्समध्ये तर प्रत्येक आयटम मुळातच आक्रसायला तयार असतो. किमान शून्य ठेवले असते, तर अरुंद पडद्यावर बटणे आपल्याच अक्षरांपेक्षा लहान होऊन शब्द एकमेकांवर चढले असते. म्हणून फ्लेक्स आयटमांपुरती किमान रुंदी ‘ऑटो’ करण्यात आली: स्वतःच्या मजकुराच्या मिन-कंटेंट रुंदीखाली आयटम आपण होऊन जाणार नाही, आणि त्याला स्वतःची रुंदी नेमून दिलेली असेल तर त्या दोहोंतला लहान आकडा धरला जाईल. हा नियम मानकात आला, वगळला गेला आणि सुधारून पुन्हा आला. त्यामुळे २०१४-१५च्या सुमारास ब्राउझरांनी तो नव्याने लागू केला, तेव्हा तोवर व्यवस्थित दिसणारी अनेक पाने अचानक उजवीकडे सरकू लागली.

हा हिशोब आकड्यांत पाहिला की त्याचा स्वभाव कळतो. कंटेनर ६०० पिक्सेलचा आहे आणि त्यात ४००, २०० व २०० पिक्सेलच्या ‘फ्लेक्स-बेसिस’चे, म्हणजे सुरुवातीच्या मापाचे, तीन आयटम आहेत असे धरले, तर २०० पिक्सेल जास्त होतात. ही तूट सर्वांवर सारखी लादली जात नाही, कारण तसे केल्यास छोटा आयटम मोठ्याच्या आधी नाहीसा होण्याची भीती असते. ती प्रत्येकाच्या मूळ मापाच्या प्रमाणात वाटली जाते. म्हणून पहिल्याचे १०० आणि इतर दोघांचे ५०-५० पिक्सेल कापले जाऊन मापे ३००, १५० आणि १५० होतात. आता तिसऱ्या आयटममधला सर्वांत लांब शब्द १८० पिक्सेलचा असेल, तर १५० हे माप त्याच्या किमान रेषेखाली जाते. ब्राउझर त्याला १८० वर गोठवतो आणि उरलेल्या दोघांचा हिशोब पुन्हा मांडतो. त्या दोघांसाठी ४२० पिक्सेल उरतात, मागणी ६०० आहे, तूट १८०. ती दोनास एक या प्रमाणात वाटली की मापे २८० आणि १४० येतात. बेरीज बरोबर ६०० भरते. मात्र तिघांचेही किमान मिळून ६००च्या पुढे गेले, तर गोठवायला कोणी उरत नाही आणि शेवटचा आयटम कंटेनरच्या कडेबाहेर पडतो. टेकमध्ये येथे काळा पट्टा आला असता.

यावरून दोन रोजच्या कोड्यांचा उलगडा होतो. आयटमांना ‘फ्लेक्स: १’ दिले की सुरुवातीचे माप शून्य धरले जाऊन सर्व जागा समान वाटली जाते, तर ‘फ्लेक्स: ऑटो’ दिल्यास आधी मजकुराचे माप धरून फक्त उरलेली जागा वाटली जाते, म्हणून दुसऱ्या प्रकारात स्तंभ समान येत नाहीत, आणि पहिल्या प्रकारातही एखादा लांब शब्द किमान रेषा वर ढकलून समानता मोडू शकतो. लांब नाव तीन टिंबांनी कापून दाखवायची योजना फसते तीही याच कारणाने. कापण्यासाठी आयटम आधी लहान व्हायला हवा आणि किमान माप त्याला लहान होऊ देत नाही. ‘मिन-विड्थ: ०’ हा त्यावरचा प्रसिद्ध उतारा वरवर जादूटोण्यासारखा दिसतो, पण टीकेमधील पॅक प्रोपगेट शून्य करण्याचाच तो वंशज आहे: आतली मागणी वर पाठवू नका. आयटमचा ओव्हरफ्लो लपवला किंवा त्याला स्क्रोल दिला, तरी हेच साधते, कारण स्क्रोल होणाऱ्या पेटीचे स्वयंचलित किमान माप शून्य धरले जाते. पेट्या एकीत एक अशा चार-पाच पातळ्या खोल असतील, तर मात्र हा शून्य प्रत्येक मधल्या फ्लेक्स आयटमवर लिहावा लागतो, आणि एक पातळी राहून गेली की सगळे मुसळ केरात जाते.

मजकुरावर टेकलेले किमान माप भाषेनुसार बदलते, ही बाब मराठी पाने रचणाऱ्यांना विशेष जाणवते. मराठीत विभक्तिप्रत्यय आणि शब्दयोगी अव्यये नामाला जोडून येतात. ‘विद्यार्थ्यांसाठीच्या’ किंवा ‘जिल्हाधिकाऱ्यांकडून’ यांसारख्या एका शब्दाच्या जागी इंग्रजीत दोन-तीन सुटे शब्द येतात आणि ओळ त्यांच्यामध्ये मोडता येते. इंग्रजी मजकुरावर तपासलेली तीन स्तंभांची पट्टी मराठी होताच कडेबाहेर जाते ती यामुळे. येथे ‘ओव्हरफ्लो-रॅप’ या गुणधर्माच्या दोन किमतींमधला बारीक फरक उपयोगी पडतो: ‘ब्रेक-वर्ड’ लिहिल्यास शब्द गरजेला तुटतो, पण मिन-कंटेंट मोजताना ते तुटणे धरले जात नाही, ‘एनीव्हेअर’ लिहिल्यास ते धरले जाते आणि आयटम खरोखर लहान होतो. किंमत अशी की शब्द कोठेही तुटतो, आणि ‘विद्यार्थ्यां’ एका ओळीत व ‘साठीच्या’ दुसरीत पडले तर ते नशीबच समजावे.

दोष शोधण्याची साधने फार मागाहून आली. बरीच वर्षे प्रत्येक पेटीला लाल कड काढून पाहणे हाच सार्वत्रिक उपाय होता, आणि त्यातही कडेची जाडी मापात मिळून चित्र आणखी बिघडे. जो हेविट यांच्या २००६ सालच्या ‘फायरबग’ने पेटीची रुंदी, आतली मोकळी जागा, कड आणि समास एकात एक आयतांनी दाखवून मोठी सोय केली, पण ते माप कसे आले हे त्यात कळत नसे. ते सांगण्यास २०१९चा जानेवारी उजाडला. फायरफॉक्सच्या पासष्टाव्या आवृत्तीतील फ्लेक्सबॉक्स निरीक्षक निवडलेल्या आयटमचे मूळ माप, त्याचे वाढणे वा आक्रसणे, किमान मापाने घातलेली अडवणूक आणि अंतिम माप असा हिशोब ओळीने मांडतो. मधल्या काळात फिलिप वॉल्टन यांनी ब्राउझरनिहाय जमवलेली ‘फ्लेक्सबग्ज’ ही दोषांची सूची हाताशी होती. मोबाइल ॲपच्या जगाने वेगळा मार्ग धरला: ‘रिॲक्ट नेटिव्ह’मागील ‘योगा’ या इंजिनाने फ्लेक्सबॉक्सचे नियम घेतले, पण आयटमांचे आपोआप आक्रसणे बंद ठेवले आणि मजकुरावर आधारित किमान मापही सोडले, त्यामुळे वेबवरून तिकडे जाणाऱ्यांना ओळखीच्या शब्दांचे अनोळखी अर्थ शिकावे लागतात.

खुद्द कंटेनरच्या मापाचा प्रश्न मात्र एवढ्याने सुटलेला नाही. आयटम उभ्या स्तंभात लावून उंची संपली की दुसरा स्तंभ सुरू करायचा, असे सांगितले, तर ब्राउझर कंटेनरची रुंदी स्तंभ मोडण्यापूर्वीच, सर्वांत रुंद आयटमवरून, ठरवून मोकळे होत; दुसरा आणि तिसरा स्तंभ मग त्या रुंदीबाहेर लटकत राही. लिपीची दिशा उभी करून आडव्या ओळी मोडायच्या आणि आत पुन्हा दिशा सरळ करायची, अशी उलटी कसरत यावर पुष्कळांनी वापरली. याचेच साधे रूप संदेशांच्या ॲपमध्ये दिसते. एका ओळीत मावणारा संदेश असला की त्याचा फुगा मजकुराला अगदी चिकटून बसतो. मजकूर दुसऱ्या ओळीवर गेला की फुगा मिळेल तितकी पूर्ण रुंदी घेतो आणि शब्द मोडल्यावर उजवीकडे उरलेली पट्टी रिकामीच राहते. रुंदी ठरते ती ओळी मोडण्याआधी, आणि ओळी मोडून झाल्यावर आपण किती जागा खरोखर वापरली हे वर कळवायला मजकूर पुन्हा जात नाही.